मूळ घागरीबरहुकूम

कस्तुराबाईच्या तेराव्याची जेवणं उरकली, पत्रावळ्या उचलल्या गेल्या, आणि नागम्मानं आतून तांब्याची घागर आणून ओसरीच्या मधोमध ठेवली. धुरपताबाईला वाटलं, बाई पाणी वाढायला आली. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. कोपरवाडीत त्या दिवसांत तेराव्याला बुंदी पोटभर मिळायची आणि पाणी मागून घ्यावं लागायचं. पण घागर रिकामी होती. नागम्मानं ती पदरानं पुसली आणि म्हणाली, "अव्वा, हे वाचा. थोरल्या अव्वानं सांगितलं होतं, तेराव्याला धुरपताच्या पुढं नेऊन ठेव."

धुरपताबाई आणि कस्तुराबाई सख्ख्या जावा. भिंतीला भिंत लागून घरं, आणि गेली अठरा वर्षं एकमेकींशी एक अक्षर बोलणं नाही. कारण एक परात. कस्तुराबाई म्हणायची माझ्या माहेरची, धुरपताबाई म्हणायची मला सासूनं दिली. परातीवर नाव नव्हतं. भांड्यावर नाव नसलं की ते ज्याच्या चुलीपाशी असेल त्याचं, आणि परात धुरपताबाईच्या चुलीपाशी होती. त्या दिवसापासून कस्तुराबाईनं घरातल्या झाडून साऱ्या भांड्यांवर नावं टोचून घेतली. हंडे, तांबे तर सोडाच, पण उलथणं आणि अडकित्ता यांच्यावरही. म्हातारीच्या घरात नाव न घातलेली दोनच माणसं उरली होती, एक ती स्वतः आणि दुसरी नागम्मा.

ही नागम्मा बहात्तरच्या दुष्काळात निलंग्याच्या पलीकडून, कानडी मुलखातून, खडी फोडायला आली आणि इथंच राहिली. कस्तुराबाईला मूल ना बाळ. चौदा वर्षं नागम्मानंच तिचं बघितलं, शेवटची दोन वर्षं तर उचलून ठेवण्यापासून.

धुरपताबाई दुसरी शिकलेली. तिनं घागर मांडीवर घेतली आणि फिरवत फिरवत मोठ्यानं वाचलं. "म्हसोबाची विहीर सव्वादोन एकर नागम्मास दिली. कुणी आडवं येऊ नये."

ओसरीवरच्या साऱ्या माना नागम्माकडं वळल्या.

म्हसोबाची विहीर म्हणजे त्या साली गावात पाणी टिकलेली एकच विहीर. आणि कस्तुराबाईच्या पाठीमागं वारस एकच, धुरपताबाईचा लेक साहेबराव. त्यानं मोसंबीची दीडशे रोपं लावली होती आणि ती रोज सकाळी त्याच्याकडं तहानलेल्या नजरेनं बघत होती.

"माय, घागरीवर लिहिलेलं कुठं कायदा असतो का," साहेबराव म्हणाला. "सही न्हाई, तारीख न्हाई. देणारीचं नाव सुदिक न्हाई त्याच्यावर."

शेषेरावानं मान डोलावली. शेषेरावानं आयुष्यात दोन दावे लावले होते आणि दोन्ही हरला होता, त्यामुळं कोपरवाडीत कायद्याचा जाणकार तोच. "दस्त म्हणलं की कागद पाहिजे. तांब्याला कोर्टात तोंड न्हाई," तो म्हणाला.

इथवर धुरपताबाईच्या मनात काय होतं ते देव जाणे. पण तेवढ्यात मागच्या रांगेतून साखराबाई कुणाला तरी हळू म्हणाली, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल इतकं हळू, "परात पचली, आता विहीर बी पचंल."

धुरपताबाई उठली. घागर कमरेवर घेतली.

"नागे, ही घागर मी कागदावर चढवून आणीन. माझ्या घरात मेलेल्या माणसाचं खात न्हाईत."

असं बोलून ती निघाली खरी, पण दारापाशी तिच्या लक्षात आलं की कागदावर चढवायचं म्हणजे काय करायचं हे आपल्याला ठाऊक नाही. पण उंबरा ओलांडून झाला होता, आणि उंबरा ओलांडल्यावर परत फिरून विचारणं हे तिच्या स्वभावात नव्हतं.

तलाठ्यानं घागरीभोवती दोन प्रदक्षिणा घालून मजकूर वाचला. मग तो म्हणाला, "धुरपतामाय, अर्ज द्या. सोबत ह्याची नक्कल जोडा. खरी नक्कल, अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याची."

"घागरीची नक्कल म्हंजे दुसरी घागर करू का?"

"कागदावर, माय."

तालुक्याला, म्हणजे अहमदपूरला, जायचं ठरलं. सकाळच्या एसटीत ती घागर मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर म्हणाला, घागरीचं तिकीट पडेल. ती म्हणाली, "घागर न्हाई, मृत्युपत्र हाय." कंडक्टरनं तिच्याकडं बघितलं, घागरीकडं बघितलं, आणि पुढच्या माणसाकडं गेला. पण गावानं बघायचं ते बघितलं होतं. धुरपताबाई रिकामी घागर घेऊन तालुक्याला गेली म्हणजे तिकडं टँकर आला असणार. दुसऱ्या खेपेला त्याच एसटीत अकरा बायका हंडे-कळशा घेऊन चढल्या. पाणी कुठंय ते ती सांगेना म्हणून सगळ्या अहमदपूरच्या बसस्टँडापासून बाजारपेठेपर्यंत तिच्या मागं रांगेनं फिरल्या. लोकांना वाटलं, मोर्चा आहे. एका पुढाऱ्यानं तर चालता चालता सामील होऊन चार शब्द भाषणही केलं.

झेरॉक्सचं मशीन तिकडं नुकतंच आलं होतं. दुकानदारानं घागर काचेवर ठेवायला साफ नकार दिला. मग काच फुटू नये म्हणून घागर टॉवेलानं वरून तोलून धरून एक प्रत काढली. कागदावर काळा गोळा आला, खग्रास ग्रहण लागल्यासारखा. त्यात 'आडवं' एवढाच शब्द वाचता येत होता.

"हे माझं काम न्हाई आजी," दुकानदार म्हणाला.

'आजी' हा शब्द धुरपताबाईला लागला. तिनं शेजारच्या हॉटेलाच्या भट्टीतून कोळसा मागून घेतला, घागरीच्या पोटावर पातळ कागद ताणून धरला, आणि वरून कोळसा आडवा धरून हलक्या हातानं फिरवला. टिंबाटिंबानं अक्षरं उमटली. लहानपणी ती पैशावर कागद ठेवून असंच राजाचं डोकं काढायची. दुकानदार आपल्या मशीनकडं आणि मग तिच्याकडं बघत राहिला. "किती झाले?" तिनं विचारलं, म्हणजे कागदाचे. त्याला ते ऐकूच गेलं नाही. तिनंही दिले नाहीत.

आता सहीशिक्का. तालुक्याला त्या दिवशी जागेवर असलेला एकच अधिकारी, जनावरांचा डॉक्टर. त्यानं कागद बघितला.

"मूळ दस्त कुठाय?"

तिनं घागर टेबलावर ठेवली. टेबल हललं.

"मी म्हैस गाभण हाय म्हणून लिहून देऊ शकतो," डॉक्टर म्हणाला. "बैल मेला म्हणून लिहून देऊ शकतो. ह्याला काय लिहू?"

"दिसतंय ते लिवा."

त्यानं बराच विचार केला आणि खाली लिहिलं: 'मूळ घागरीबरहुकूम खरी नक्कल.' सही केली, शिक्का मारला. शिक्क्यात म्हशीचं चित्र नव्हतं, याचं धुरपताबाईला समाधान वाटलं.

तलाठ्यानं कागद पुढं पाठवला, आणि पुढं म्हणजे लातूरला. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी कचेरीतले लोक अजून नव्या घरात राहायला आल्यासारखे वागत. काय विचारावं तर म्हणत, ते उस्मानाबादला राहिलं. तिथं विचारावं तर म्हणत, ते लातूरला गेलं. धुरपताबाई ज्या कचेरीत गेली तिचं नाव इथं सांगत नाही, तिथल्या लोकांना अजून पेन्शन मिळायची आहे. तिथल्या कारकुनानं नक्कल बघितली आणि मूळ दस्त जमा करायला सांगितला. पावती दिली: 'घागर तांब्याची, नग एक, रिकामी, काठाशी पोचा.'

"पुढच्या सोमवारी या, आजी."

परत आजी.

पुढच्या सोमवारी ती गेली. कचेरीच्या कोपऱ्यात स्टुलावर तिची घागर होती. वर ताटली, ताटलीवर पेला. एक शिपाई पेला बुडवून पाणी पीत होता.

धुरपताबाई दारातच थांबली. "माझ्या जावेच्या मृत्युपत्रातून पाणी पिऊन राहिलात?"

कारकून गडबडला. "तसं न्हाई आजी. कचेरीचा माठ फुटला. दुष्काळात नवा माठ मंजूर व्हायला वेळ लागतो."

"रिकामी करा."

शिपाई घागर उचलून खिडकीशी नेऊ लागला, तशी ती कडाडली. "ओततो कुठं? टँकरमागं पळून बघ एकदा, मग ओत. प्यायची."

"कुणी?"

"ज्यांनी भरली त्यांनी."

ती टेबलापाशी खुर्ची ओढून बसली. तिनं हिशेबानं वाढलं: कारकुनाला चार पेले, शिपायाला चार, शेजारच्या टेबलावरच्या निरपराध माणसाला तीन, आणि गडबड काय म्हणून बघायला आलेल्या साहेबाला दोन. साहेब म्हणाला, मला तहान नाही. ती म्हणाली, "लागंल. बसा." थेंब न सांडता घागर संपली. साऱ्या कचेरीची पोटं गच्च झाली. शेवटी कारकून फार हळू म्हणाला, "आत्या, खरं सांगू का? हे आमच्याकडं येतच न्हाई. मृत्युपत्र खरं का खोटं, हे वकिलाला विचारा."

आजीची आत्या झाली, एवढा त्या दिवसाचा फायदा.

कोर्टासमोरच्या बोळात वकिलांच्या पाट्या होत्या. धुरपताबाईला त्यातली एकच पाटी पूर्ण वाचता आली, कारण बाकीची नावं इंग्रजीत होती. 'पंचशीला सूर्यवंशी, वकील.' आत तिशीची एक बाई, पांढरी साडी, टेबलावर कायद्याची जाड पुस्तकं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. धुरपताबाईला वाटलं, वकील बाहेर गेलाय आणि ही त्याची बहीण असावी.

"वकील कवा येतील?"

"आले," पंचशीला म्हणाली. "बसा, मावशी. घागर खाली ठेवा, मला बसून वाचू द्या."

ती खरोखर जमिनीवर बसली, घागर मांडीवर घेतली आणि कुठंही न अडखळता वाचली. घागरीभोवती प्रदक्षिणा न घालणारं हे पहिलंच सरकारदरबारचं माणूस. धुरपताबाईनं मनात एक गुण दिला.

"सरळ सांगते," पंचशीला म्हणाली. "मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. रजिस्टर करायची सक्ती नाही. साध्या कागदावर चालतं. घागरीवर लिहिलं एवढ्यासाठी मी नाही म्हणणार नाही. पण ज्यानं केलं त्याची सही पाहिजे, नाहीतर अंगठा, नाहीतर काही खूण. आणि ते बघणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या. ह्याच्यावर दोन्ही नाही."

"कुणालाच सूट न्हाई?"

"लढाईवरच्या शिपायाला आहे. त्याचं तोंडी सांगितलेलंही चालतं."

"ती माझ्यासंगं अठरा वर्षं लढली. तसं धरत न्हाई का कायदा?"

पंचशीला हसली नाही, पण तिला पुस्तक उघडून उगाच एक पान बघावं लागलं. "नाही धरत, मावशी. कायद्यानं जमीन तुमच्या मुलाची. तरीपण ही अक्षरं कुणी टोचली ते शोधा. दुसरा एखादा कागद केला असेल, अंगठा दिला असेल, तर काही करता येईल."

नावं टोचणारा म्हणजे बसलिंगप्पा. त्या बाजूची अर्धी भांडी त्याच्या हातची. तो अहमदपूरच्या दुकानात नव्हता, मुखेडच्या बाजाराला गेला होता. धुरपताबाई घागर घेऊन मुखेडला गेली. म्हणजे आता ही घागर दोन जिल्ह्यांत फिरून आली होती, आणि एवढं फिरणं कोपरवाडीतल्या कुठल्याच माणसाच्या नशिबी आलं नव्हतं.

बसलिंगप्पा लिंबाच्या सावलीत बसून एका कळशीवर टकटक करत होता. घागर बघताच त्यानं हातोडी खाली ठेवली.

"गेली का म्हातारी?"

"गेली. दुसरा कागद केलता का तिनं? अंगठा कुठं दिलता?"

"न्हाई. मी म्हणलं, कस्तुराबाई, खाली तुमचं नाव घालू का? पुरं घालतो, भ्रताराच्या नावासकट, कागदावर असतंय तसं, कस्तुराबाई भ्र. ग्यानोबा. तर म्हणली, तू अक्षरावर पैसे घेतो. माझं नाव गावाला ठाव हाय."

हे ऐकून धुरपताबाईच्या अंगात ओळखीची शिरशिरी आली. कंजूषपणात तिची जाऊ तिच्या तोडीची होती, हे तिनं कधी नाकारलं नव्हतं.

"साक्षीला कोण होतं?"

"मी होतो. आन् एक म्हैस. मी म्हणलं, माय, साक्षीदार तरी घाला दोन." बसलिंगप्पानं घागर आपल्याकडं फिरवली. "तर म्हणली, धुरपता हाय की. मी म्हणलं, ती तर तुमच्यासंगं बोलत न्हाई. म्हणली, बोलत न्हाई, पण माझी घागर तिच्या पुढं ठेवली की ती झोपायची न्हाई. सारा मुलूख पालथा घालंल. कागदापेक्षा ती बरी."

लिंबाचा पाला पडत होता. धुरपताबाईनं घागर उगाच आडवी केली, उभी केली, आतमध्ये बघितलं, जशी काही आत कस्तुराबाई बसली होती आणि हसत होती. मेल्यावरसुद्धा बाईनं तिला राबवून घेतलं होतं. एका एसटीतून दुसऱ्या एसटीत बसवलं होतं. आणि सगळ्यात लागलं ते हे, की आपल्याला इतकं बरोबर ओळखणारं माणूस भिंतीपलीकडं होतं आणि आपण अठरा वर्षं त्याच्याशी बोललो नाही.

"कागदापेक्षा बरी," ती एसटीत दोनदा पुटपुटली. शेजारच्या माणसाला वाटलं, घागरीशी बोलते. तो उठून मागं गेला.

दोन दिवसांनी ती परत लातूरला गेली, या वेळी साहेबरावाला घेऊन. साहेबराव आनंदात होता. जमीन कायद्यानं आपली, हे त्याला शेषेरावानं आधीच सांगितलं होतं, आणि शेषेरावाचं पहिल्यांदाच बरोबर निघालं होतं.

"वकीलबाई," धुरपताबाई म्हणाली, "घागर खोटी ना?"

"कायद्यात टिकत नाही."

"जमीन ह्याची?"

"ह्यांची."

"मग ह्यानं स्वतःहून दिली तर?"

पंचशीलानं पेन खाली ठेवलं. "तर कुणी अडवू शकत नाही. आधी वारस म्हणून ह्यांचं नाव लावून घ्यायचं. मग बक्षीसपत्र करायचं, दोन साक्षीदार, रजिस्टर करायचं. पण मनापासून द्यायला पाहिजे. जबरदस्तीनं नाही."

साहेबराव उठून उभा राहिला. "माय, काय बोलून राहिली? मोसंबी जळून चालली माझी. नागम्माला काय करायची विहीर? ती कोण आपली?"

"बस."

तो बसला.

"ती परात," धुरपताबाई म्हणाली.

"आता परात कुठून आली?"

"तिच्या माहेरची होती. सुगीत मीच मागून आणली. द्यायला जाणार होते, तर ती चार बायांत म्हणली, धुरपता विसरत्या मनाची हाय. मला राग आला. मी म्हणलं, सासूनं दिली. एकदा म्हणलं, मग मागं कसं घ्यायचं?" तिनं पदराचं टोक घट्ट गुंडाळलं. "अठरा वर्षं त्या परातीत पीठ मळून तुला भाकरी घातली, सायबू. तुझ्या हाडात ती परात हाय. आता विहीर बी घरात आणली तर तिचं पाणी मला गिळायचं न्हाई. मी तहानेनं मरंन, आन् तेराव्याला साखरी काय म्हणंल ते तू ऐकत बस."

वकीलबाई पुस्तकात बघत होती, पण पान उलटत नव्हती. साहेबरावानं जन्मात पहिल्यांदा आपल्या आईला चूक कबूल करताना ऐकलं होतं. एखादा डोंगर बाजूला सरकताना बघावा तसा तो बघत राहिला. मग त्यानं खिशाला हात लावला. पेन नव्हतं. पंचशीलानं आपलं दिलं.

"नीट विचार करा," ती म्हणाली. "आज नुसता मसुदा करू. सही रजिस्ट्रारसमोर."

"केला विचार," साहेबराव म्हणाला. "हिच्या पुढं अजून किती करू."

सगळं व्हायला तीन महिने लागले. बक्षीसपत्रावर पहिली साक्ष बसलिंगप्पाची आणि दुसरी धुरपताबाईची. रजिस्टर कचेरीतल्या माणसानं सवयीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. तिनं ते दोन बोटांनी मागं सरकवलं आणि सही केली. सहीला वेळ लागला. मागं रांग लागली होती, ती तिनं थांबवली.

नागम्मानं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि साहेबरावाला म्हणाली, "नीरु एकटीला बेडा मला. नको एवढं पाणी. बुधवार-शनिवार पाळी तुझी. मोसंबी जगव." साहेबरावानं मान खाली घातली. ही पाणी देणार हे आईला आधीच ठाऊक होतं की काय, असं त्याला वाटलं. नव्हतं. पण त्या दिवशी धुरपताबाईनं तसं भासू दिलं.

वकीलबाईनं फी सांगितली. धुरपताबाईनं घासाघीस केली नाही, नुसतं म्हणाली, "तुझी आई कुठं असती? तिला सांग, पोरगी चांगली वाढवली." आणि जाताना दारावरची पाटी परत एकदा पूर्ण वाचली.

पुढच्या बाजाराला बसलिंगप्पाच्या दुकानात ती आली, तेव्हा तिच्या काखेत जुनी, काठाला घासून पातळ झालेली एक परात होती. ती त्याच्या पुढं ठेवून ती म्हणाली, "नाव घाल. कस्तुराबाई."

बसलिंगप्पानं परात ओळखली. सगळ्या मुलखाला ती परात माहीत होती. त्यानं खिळा घेतला, हातोडी घेतली. "आता हिचा मालक कोण? म्हातारी तर गेली."

"नागम्माच्या चुलीपाशी राहील. नाव कस्तुराबाईचंच घाल."

"बरं. आन् खाली देणाराचं नाव? लग्नाच्या भांड्यावर घालतेत तसं?"

"नको," धुरपताबाई म्हणाली. "गावाला ठाव हाय."

बसलिंगप्पानं खिळा टेकवला. पहिलं टिंब पडलं, दुसरं पडलं. 'कस्तुराबाई' झालं तसा तो थांबला आणि परात उचलून फुंकर मारू लागला.

"थांबला काऊन?" ती म्हणाली. "पुढचं घाल. भ्र. ग्यानोबा. भ्र. च्या टिंबासकट."

"अक्षराचे पैसे लागतील, माय."

"घे," धुरपताबाई म्हणाली.